वाळूचा नियम आणि पाषाणातील फट : दख्खनच्या भूजलविचाराचा इतिहास

सन १८५६ मध्ये आंरी दार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याचा दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याविषयीचा ग्रंथ पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा मुख्य विषय नगरातील सार्वजनिक कारंजी आणि त्यांस पाणी पुरविणारे नळ हा आहे. परंतु त्याला जोडलेल्या एका छोट्या टिपणात दार्सीने दिझाँच्या रुग्णालयाच्या आवारात केलेल्या काही प्रयोगांची हकीकत दिली आहे. वाळूने भरलेल्या एका उभ्या नळकांड्यातून त्याने पाणी सोडले, वरच्या व खालच्या टोकांवरील दाब मोजला, आणि वाहून गेलेले पाणी हे दाबाच्या फरकाच्या व नळकांड्याच्या छेदाच्या सम प्रमाणात आणि वाळूच्या थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते, असा नियम मांडला. त्याला पाहिजे होते ते गाळणकुंडांचे गणित. पुढील पिढ्यांना त्यातून सगळे भूजलशास्त्र मिळाले.

हा नियम वाळूत सापडला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. महाराष्ट्रातील अभ्यासकाला ती तशी सोडून देता येत नाही. ह्या राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या ट्रॅपने, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. ह्या पाषाणाच्या अखंड तुकड्यातून पाणी जवळजवळ जात नाही. जे जाते ते त्याच्या भेगांतून व सांध्यांतून. तेव्हा कणाकणांमधील असंख्य पोकळ्यांतून सर्वत्र सारखे झिरपणाऱ्या पाण्याचा नियम येथे कसा आला, कोठे उपयोगी पडला आणि कोठे त्याने दिशाभूल केली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दार्सीपूर्वी आपल्याकडे ह्या विषयाचा विचार झालाच नव्हता असे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाचा एक संपूर्ण अध्याय भूमिगत पाण्याच्या शोधाला वाहिलेला आहे. मनुष्याच्या अंगात जशा शिरा असतात तशा भूमीतही वरच्या व खालच्या जलशिरा असतात, ही त्यातील मूळ कल्पना. वृक्ष, वारुळे, मातीचा व दगडाचा रंग ह्यांवरून शिरा किती खोल सापडेल ह्याची अनुमाने त्यात दिली आहेत. विहिरीत आडवा आलेला खडक तापवून फोडण्याची रीतही सांगितली आहे. आपल्या गावोगावच्या पाणाड्यांची भाषा ह्याच जातीची होती. त्यांच्या बोलण्यात ‘झरा’ येतो, त्याची दिशा येते, तो ‘किती मोटांचा’ ह्याचा अंदाज येतो; थरभर पसरलेल्या पाण्याची कल्पना त्यात क्वचितच आढळते. जोतीराव फुले ह्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात सरकारला केलेल्या सूचनांपैकी एक ह्याच संदर्भातील आहे : पाणाड्यांकडून जमिनींची चाचणी करून घ्यावी, जेथे पुरेसे झरे सापडतील त्या जागांच्या खुणा त्या त्या गावाच्या नकाशावर नोंदवून ठेवाव्यात. शेतकऱ्याच्या दारिद्र्याविषयीच्या ग्रंथात ही सूचना यावी, आणि तीही गावाच्या नकाशाशी जोडलेली असावी, ह्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

शिरांच्या ह्या कल्पनेत आधुनिक शास्त्र शोधण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो आवरावा हे बरे. वराहमिहिराच्या शिरा दिशादेवतांच्या नावांनी ओळखल्या जातात आणि वृक्षलक्षणांची अनुमाने कोणत्याही खडकाशी बांधलेली नाहीत. परंतु तिला निव्वळ भ्रम म्हणून टाकून देण्यात एकोणिसाव्या शतकाच्या शास्त्राने जी घाई केली, तीही समर्थनीय नाही. कठीण पाषाणात विहीर खोदणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसते त्याचे ते प्रामाणिक वर्णन होते : तीन बाजू कोरड्या, आणि चौथ्या बाजूच्या एका आडव्या चिरेतून पाण्याची धार.

इंग्रजी अंमलात दुष्काळाच्या धास्तीने विहिरींकडे सरकारचे लक्ष वळले. १८८३ च्या जमीनसुधारणा कर्जाच्या कायद्यान्वये विहिरींसाठी तगाई मिळू लागली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन भीषण दुष्काळांनंतर तिची निकड वाढली. कर्ज दिले की विहिरीला पाणी लागावे अशी अपेक्षा असते. ते न लागले तर कर्ज बुडते आणि कर्जदारही बुडतो. म्हणून पाणी कोठे लागेल हा प्रश्न महसुलाचाही झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन ह्यांनी ‘स्वयंचलित जलशोधक’ नावाच्या विलायती यंत्राच्या ट्रॅप प्रदेशात चाचण्या घेऊन त्यांवर पत्रिका प्रसिद्ध केली. पुढे १९२५ च्या सुमारास मुंबई सरकारने मेजर पॉग्सन नावाच्या गृहस्थाची चक्क सरकारी पाणाड्या म्हणून नेमणूक केली. त्याच्या यशाचे प्रमाण फार मोठे सांगितले जाई. ते खरे मानले तरी त्यातून पाणाड्याची विद्या सिद्ध होत नाही. ट्रॅपच्या सखल भागात, ओढ्यानाल्यांच्या आसपास, दहा-बारा मीटर खोल आणि पाच-सहा मीटर रुंद खड्डा खणला तर थोडेबहुत पाणी बहुधा लागतेच. खरी परीक्षा पाणी लागण्याची नसून ते उन्हाळ्यात टिकण्याची आहे, आणि तिची नोंद यशाच्या यादीत होत नसे.

असे का होते हे समजण्यासाठी विहिरीच्या भिंतीकडे पाहिले पाहिजे. वरची काळी माती संपली की मुरूम लागतो. त्याखाली बहुधा मांजऱ्या, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र दिसणारा व मऊ खडक. आणि त्याखाली काळा पाषाण. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातकट बोलचा पातळ थर असतो. पहिल्या दृष्टीला वाटते की पाणी त्या छिद्रांतच भरलेले असावे. वस्तुतः ती छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतात आणि त्यांतील बरीचशी झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारेच्या जातीच्या खनिजांनी भरून गेलेली असतात. ताज्या मांजऱ्याचा तुकडा स्पंजासारखा दिसतो, पण स्पंजासारखा वागत नाही. त्याला पाणी धरण्याची शक्ती येते ती कुजण्याने व त्यात पडणाऱ्या आडव्या पदरी सांध्यांमुळे. काळ्या पाषाणात उभे व तिरपे सांधे असतात. ते पृष्ठभागाजवळ उघडलेले आणि खोल जावे तसे मिटत गेलेले आढळतात. धुळे-नंदुरबारकडे ट्रॅपला छेदून गेलेल्या भित्तींची मोठी दाटी आहे. अशी भिंत सांध्यांनी फुटलेली असेल तर पाण्याची वाट होते, सलग असेल तर बांध होते. आणि एकाच भिंतीची दोन टोके ह्या बाबतीत निराळी असू शकतात.

ह्या खडकाविषयीचे ज्ञान असे विहिरींतून हळूहळू जमत असताना भूजलाचे गणित मात्र वाळूच्याच प्रदेशात वाढत होते. द्युप्वीने १८६३ मध्ये विहिरीकडे येणाऱ्या प्रवाहाचे सूत्र दिले. जर्मनीत थीम पिता-पुत्रांनी ते प्रत्यक्ष चाचण्यांस लावले. अमेरिकेत माइन्झरने जलधर खडकांचे वर्गीकरण केले. आणि १९३५ मध्ये थाइसने उष्णतावहनाच्या गणितावरून, उपसा चालू असताना पातळी काळाप्रमाणे कशी खालावते ह्याचे समीकरण मांडले. थाइसची गृहीते प्रसिद्ध आहेत : जलधर सर्वत्र एकजिनसी, सर्व दिशांनी सारखा, अमर्याद पसरलेला, आणि विहीर रेषेइतकी बारीक. गंगेच्या गाळाच्या मैदानात ही गृहीते पुष्कळ अंशी लागू पडतात. स्वतंत्र भारतात १९५४ मध्ये अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्याने स्थापन झालेल्या समन्वेषक कूपनलिका संघटनेचे मुख्य लक्षही गाळाच्या प्रदेशांकडेच होते. हीच संघटना १९७० मध्ये केंद्रीय भूजल मंडळ झाली. त्या काळच्या दृष्टीने दख्खनचा पाषाण म्हणजे भूजलशास्त्राच्या नकाशावरील एक पडीक रान होते.

फटीचे गणित आले ते दुसऱ्याच वाटेने. दोन समांतर पाट्यांमधील अरुंद जागेतून वाहणाऱ्या द्रवाचे समीकरण बूसिनेस्क ह्या फ्रेंच गणितज्ञाने १८६८ मध्येच सोडविले होते. १९५१ मध्ये लोमीझे ह्या सोव्हिएत संशोधकाने प्रयोगांनी ते खडकाच्या फटींस लावून पाहिले, आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे डेव्हिड स्नो ह्याने आपल्या प्रबंधात भेगाळलेल्या खडकाची पार्यता समांतर पाट्यांच्या प्रतिमानावरून काढली. ह्या सर्वांचे सार एका वाक्यात सांगता येते : फटीतून जाणारे पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते.

हे वाक्य वाचायला सोपे आहे, परंतु त्याचे परिणाम विद्यार्थ्यांच्या गळी सहसा उतरत नाहीत. म्हणून आकडे मांडून पाहू. १ मिलिमीटर रुंदीची एकच गुळगुळीत फट, २० अंश तापमानाच्या पाण्यासाठी, दररोज सुमारे ७० चौरस मीटर इतकी वहनक्षमता देते. रुंदी एक-दशांश केली तर वहनक्षमता एक-सहस्रांश होते. म्हणजे १ मिलिमीटरच्या एका फटीची बरोबरी करण्यास ०.१ मिलिमीटरच्या १००० फटी लागतात. वेगाचा प्रकार याहून विलक्षण आहे. १०० मीटरमागे १ मीटर उतार असेल तर ह्या फटीतील पाणी दिवसाला सुमारे ७०० मीटर जाते. तोच उतार असलेल्या मध्यम वाळूच्या थरात ते एखाद्या हाताचे अंतरही कष्टाने कापील. प्रत्यक्ष फटी खडबडीत, वाकड्या, मातीने अर्धवट भरलेल्या असतात, त्यामुळे खरे आकडे ह्याहून कमी येतात. पण प्रमाणातील तफावत तशीच राहते. एखाद्या गावात दहा विहिरींपैकी एकीला भरपूर पाणी आणि शेजारच्या नऊ कोरड्या, ही गोष्ट वाळूच्या नियमाने चमत्कार ठरते; घनाच्या नियमाने ती अपेक्षितच आहे. पाणाड्याचा ‘झरा’ ह्या अर्थाने खरा होता.

फटींच्या ह्या अभ्यासाला गांभीर्य आले ते एका भीषण अपघाताने. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री दक्षिण फ्रान्समधील मालपासे येथील कमानी धरण फुटले आणि फ्रेझ्यूस गावात व आसपास चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. धरणाच्या भिंतीचे काम सदोष नव्हते. डाव्या बाजूच्या पट्टिताश्माच्या पायात पाण्याचा दाब साठत गेला होता. पुढे लोंद व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखविले की धरणाच्या रेट्याखाली त्या खडकातील बारीक भेगा मिटतात, पार्यता अनेक पटींनी कमी होते, आणि खडकातच जणू दुसरे, अदृश्य धरण तयार होऊन त्यामागे पाणी तुंबते. फटीची रुंदी कायमची नसते, ती खडकावरील भारावर अवलंबून असते, हा धडा तेव्हापासून अभियांत्रिकीत रुजला. दख्खनमध्ये खोलीबरोबर सांधे मिटत जातात ह्या साध्या निरीक्षणाचे कारणही तेच आहे.

त्याच सुमारास खनिज तेलाच्या अभ्यासकांनी ह्या विचारातील दुसरी बाजू पुरी केली. १९६० मध्ये बारेनब्लाट, झेल्टोव्ह व कोचिना ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी भेगाळलेला खडक म्हणजे एकमेकांत गुंतलेली दोन माध्यमे होत अशी कल्पना मांडली. फटी पाणी वाहून नेतात. फटींमधील ठोकळे ते साठवून ठेवतात आणि सावकाश फटींना देतात. आमच्या मते दख्खनच्या भूजलावर ह्या कल्पनेइतका प्रकाश दुसऱ्या कोणत्याही सिद्धान्ताने टाकलेला नाही. मात्र तिचा येथे थोडा निराळा अर्थ करावा लागतो. काळ्या पाषाणाचा ठोकळा जवळजवळ काहीच साठवीत नाही. आपल्याकडे कोठाराचे काम वरचा मुरूम व कुजलेला मांजऱ्या करतात, आणि नेआणीचे काम पदरी सांधे व खालच्या फटी. हे कोठारही लहानच. ट्रॅपमधील विशिष्ट जलदेयता साधारणपणे १ ते ३ टक्के धरतात. २ टक्के धरली तर १ हेक्टर क्षेत्रात पातळी १ मीटर खाली गेली असता केवळ २०० घनमीटर पाणी मिळते. १५ टक्क्यांच्या वाळूत ते १५०० घनमीटर मिळाले असते. भरतीचेही असेच. आठवले प्रभृतींनी गोदावरी-पूर्णा व कुकडी ह्या खोऱ्यांत किरणोत्सारी ट्रिशियमच्या साहाय्याने केलेल्या आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत भूजलाला मिळणारा वाटा पावसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी निघाला.

चाचण्यांच्या बाबतीत एक अडचण बरीच वर्षे लक्षात आली नव्हती. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १ मीटर उतरली म्हणजे विहिरीतलेच २८ घनमीटर पाणी उपसले गेले. खडकाने अजून तोंड उघडलेले नसते. थाइसच्या रेषेसारख्या बारीक विहिरीत हा प्रश्नच नव्हता. १९६७ मध्ये पापाडोपुलोस व कूपर ह्यांनी रुंद विहिरीतील साठा हिशेबात धरणारे समीकरण दिले, आणि आपल्या विहिरींच्या चाचण्यांचा अर्थ लावण्यास काहीसा आधार मिळाला. पुणे विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातील देवळाणकर ह्यांचा महाराष्ट्रातील बेसॉल्टच्या जलधरक्षमतेवरील लेख १९८० मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पडीक रानाला शास्त्राच्या नकाशावर नाव मिळाले ते अशा लेखांमुळे.

परंतु शास्त्र सावकाश चालत असताना यंत्र पुढे निघून गेले होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील उघड्या विहिरी आटल्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहिरींचा आश्रय घेण्यात आला. दाबलेल्या हवेने चालणाऱ्या हातोड्याच्या यंत्राने कठीण पाषाणात महिन्यांचे काम एका-दोन दिवसांत होऊ लागले. जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप निघाला. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही ह्याच वर्षांतील. ह्या कामाने असंख्य गावांना पाणी दिले, हे निर्विवाद आहे. हातपंपाचा उपसा इतका थोडा असतो की एखादी बारीक फटही त्याला पुरते.

बिघाड झाला तो त्याच छिद्रात विजेचा पाणबुडी पंप उतरल्यावर. १५ सेंटिमीटर व्यासाच्या छिद्राचा घेर अर्ध्या मीटरहून कमी, तर ६ मीटर व्यासाच्या विहिरीचा सुमारे १९ मीटर. विहीर अनेक लहान सांध्यांतून थोडे थोडे पाणी गोळा करते. शेतकरी तिच्या तळाशी आडवे बोअर मारतात तेही ह्याच कारणाने. विंधन विहीर मात्र एखाद्या मोठ्या फटीवर विसंबते. ती फट लागली म्हणजे नवे पाणी सापडले असा समज होतो. पुष्कळदा ते नवे नसते. फट वरच्या मुरुमातल्याच कोठाराला तळाशी पडलेले भोक असते, आणि त्या कोठारावर आसपासच्या साऱ्या उथळ विहिरी जगत असतात. दोनशे फुटांवर लागलेल्या ‘खोल’ पाण्याने शेजाऱ्याची चाळीस फुटांची विहीर उन्हाळ्याच्या आधीच आटते, ह्याचे कोडे येथे सुटते. वाहून नेणारी वस्तू आणि साठविणारी वस्तू ह्यांतील भेद न ओळखल्याची ही किंमत आहे, आणि ती सहसा ज्याच्याकडे यंत्राला पैसे नाहीत त्याने भरली.

कायद्याने ह्यात हात घातला तो वाळूच्याच भूमितीने. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर घेण्यास मनाई केली. उद्भव मध्यभागी, भोवती वर्तुळ : एकजिनसी, सर्व दिशांनी सारख्या थरात उपशाचा परिणाम खरोखर असाच पसरतो. भेगाळलेल्या पाषाणात तो फटीच्या दिशेने लांबट पसरतो. तेव्हा त्याच फटीवर ७०० मीटर अंतरावर असलेला बागायतदार कायद्याच्या बाहेर राहून गावाची विहीर कोरडी करू शकतो, आणि ३०० मीटरवरचा, निराळ्याच सांध्यावर बसलेला कोरडवाहू शेतकरी विनाकारण अडकतो. ह्याचा दोष कायदा करणाऱ्यांस देणे सोपे आहे. अंमलबजावणीस सोपी अशी रेषा त्यांना हवी होती आणि शास्त्राने त्यांच्या हाती दुसरी रेषा दिलेली नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. २००९ च्या अधिनियमाने, जो २०१४ मध्ये अमलात आला, पाणलोट क्षेत्र व जलधर ह्यांच्या आधाराने क्षेत्रे अधिसूचित करण्याची वाट घेतली आणि ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. खोलीची मर्यादा वर्तुळापेक्षा खडकाच्या स्वभावाला जवळची आहे, कारण सांधे खोलीबरोबर मिटतात; पण वर सांगितलेले कोठाराचे भोक ६० मीटरच्या आतही पुष्कळदा पडते.

केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ पासून देशभर जलधरांचे नकाशे करण्याचे काम हाती घेतले. अशा नकाशांचे नेहमीचे परिमाण १ : ५०,००० असते, त्यावरील १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. ज्या १ मिलिमीटरच्या फटीवर एका गावाचे पाणी अवलंबून असते ती अशा नकाशात येणे शक्य नाही. फुल्यांनी मागितलेला गावाच्या परिमाणाचा, झऱ्यांच्या खुणांचा नकाशा हा त्यामुळे आजही कालबाह्य झालेला नाही. फक्त खुणा पाणाड्याच्या काठीऐवजी विहिरीच्या भिंतीवरून करावयाच्या आहेत. कोणत्या बाजूने, किती खोलीवर, कोणत्या पदरातून पाणी येते आणि कोणत्या महिन्यात थांबते, हे विहिरीच्या धन्याला व ती खोदणाऱ्याला ठाऊक असते. विंधन विहिरीत यंत्राने उडविलेल्या भुकटीवाचून काहीच दिसत नाही. जुन्या विहिरीत मात्र थरांचा सगळा उभा छेद डोळ्यांपुढे असतो. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी पहिल्यांदा वाचावयाचे दप्तर ते हेच, आणि आटलेल्या विहिरी राडारोड्याने बुजविण्याची चाल गावोगाव पडलेली असल्याने ते लवकर वाचलेले बरे.